अंतरपाट, होम आणि फ्लॅश: दादरच्या एका लग्नाचं प्रकरण

लग्नाचे अल्बम लावणाऱ्याला एक फायदा असतो. फोटो कसा काढला हे फोटोग्राफरला विचारावं लागत नाही. प्रत्येक फाइलच्या पोटात वेळ, शटर (किती सेकंद उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं होतं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) आणि बहुतेक वेळा फ्लॅश उडाला की नाही याचीही नोंद असते. गेल्या हंगामात एका लग्नाचे फोटो माझ्याकडे आले. सकाळी पावणेअकराच्या सुमाराला त्या हॉलमध्ये काहीतरी झालं असणार, हे कोणी सांगण्याआधी मला या नोंदींवरूनच दिसलं. 10 वाजून 41 मिनिटांपर्यंतचा प्रत्येक फोटो फ्लॅशचा. मग दहा-अकरा मिनिटं एकही फोटो नाही. आणि पुढचे फोटो बघितले तर माणूसच बदललाय की काय असं वाटावं.

माणूस तोच होता, कॅमेराही तोच. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. हॉल एक, फोटोग्राफर एक, आणि फ्लॅश कधी नि किती मारायचा याची दोन उत्तरं एकाच दिवशी शेजारी शेजारी पडलेली. असा योग क्वचित येतो. दोन्ही घरच्यांना विचारून, ओळख पटेल असं काही न देता लिहिते आहे.

हॉल आणि उजेड

कार्यालय दादर पश्चिमेला, पहिल्या मजल्यावर. मुहूर्त 11 वाजून 23 मिनिटांचा. मुलीकडचे गिरगावचे, मुलाकडचे डोंबिवलीचे. फोटोंचा खर्च मुलीकडे, व्हिडिओचा मुलाकडे. मुंबईत हे असं वाटून घेणं आता नवीन नाही. त्यात होतं काय, की फोटोवाला आणि व्हिडिओवाला एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते थेट स्टेजवर, एकाच जागेसाठी कोपराने ढकलाढकली करताना.

बसायच्या भागात पांढऱ्या ट्यूबलाइट. स्टेजवर डेकोरेटरने लावलेले पिवळे एलईडी स्पॉट. एका बाजूला खिडक्या, पण एसी चालू म्हणून पडदे ओढलेले. बसायच्या भागावर पांढरं पीओपीचं सीलिंग, अंदाजे साडेतीन मीटर उंच. स्टेजवर मात्र सीलिंगखाली मरून कापडाची झालर सोडलेली. ही झालर लक्षात ठेवा.

उजेड कमी होता, पण अंधार म्हणावा इतका कमी नव्हता. नंतरच्या फाइलींवरून हिशोब लागतो: आयएसओ 3200, एफ 2.8 (ॲपर्चरचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं), शटर 1/125 ठेवलं की स्टेजवरचा चेहरा फ्लॅशशिवाय व्यवस्थित येत होता. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला आयएसओ 3200 जड नाही. 12 बाय 36 इंचांच्या अल्बमच्या पानावर त्याचा दाणा, म्हणजे जास्त आयएसओमुळे येणारा खरखरीतपणा, शोधूनही सापडत नाही.

आता सकाळचं सेटिंग बघा. आयएसओ 400, एफ 5.6, शटर 1/200. फ्लॅश कॅमेऱ्यावर, तोंड सरळ समोर, वर पांढरी प्लास्टिकची टोपी. एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा झाला. आयएसओमुळे तीन स्टॉप गेले, ॲपर्चरमुळे दोन, शटरमुळे आणखी पाऊण स्टॉपच्या जवळपास. एकूण साडेपाच स्टॉपच्या वर. म्हणजे हॉलमधल्या मूळ उजेडाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा फोटोत उतरत होता, बाकी सगळा फ्लॅशचा. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे समोरची नवरी उजळ, दोन हात मागे बसलेली आई मळकट, आणि तिच्यामागे काळोख. डेकोरेटरने रात्रभर खपून लावलेली झेंडूची कमान, समया, मागची रांगोळी यातलं काहीच नाही. मुलीच्या आईने नंतर सॉफ्ट कॉपी बघून एवढंच विचारलं होतं, "अहो, आम्ही हॉलचे एवढे पैसे दिले, तो हॉल कुठे आहे?"

टोपीबद्दल एक सांगायला हवं. छोट्या खोलीत ती उपयोगी पडते, कारण तिच्यातून चहूकडे गेलेला उजेड जवळच्या भिंतींवर आपटून परत येतो. पन्नास माणसं मावतील एवढ्या स्टेजवर परत यायला भिंतच नसते. चहूकडे गेलेला उजेड वाया जातो आणि चेहऱ्यावर पडतो तो पुन्हा सरळ समोरचाच. बॅटरी मात्र दुप्पट खर्च होते.

गौरीहराचे फोटो जवळून

गौरीहर पूजनाचा एक फोटो मी पूर्ण मोठा करून बघितला. नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत, डोक्याला मुंडावळ्या, समोर तांदळाची रास. अष्टपुत्रीचा पिवळा सरळ फ्लॅशमध्ये लिंबाच्या सालीसारखा पडला होता, आणि लाल काठावरची जर म्हणजे नुसती पांढरी रेघ. जरीची तार हा धातूचा चमकता पृष्ठभाग. समोरून आलेला उजेड तो समोरच परत फेकतो, आणि तिथे फाइलमध्ये काही उरतच नाही. तो मी परत आणू शकत नाही, कोणीच आणू शकत नाही.

डोळ्यांखाली दोन पांढरट चंद्रकोरी. हे मेकअपवालीचं काम बिघडल्यासारखं दिसतं, पण बिघडलेलं नसतं. मेकअप बसवायच्या बारीक पावडरीत सिलिका असते, सनस्क्रीनवाल्या फाउंडेशनमध्ये टिटॅनियम किंवा झिंक. साध्या उजेडात ती दिसत नाहीत, सरळ फ्लॅशमध्ये पांढरी उठतात. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर घामाची चकाकी, ती मुंबईत एसी असला तरी असतेच. मुंडावळ्यांच्या प्रत्येक सरीची कडक सावली गालावर. काकांच्या चष्म्यात फ्लॅश, मागच्या स्टीलच्या ताटात फ्लॅश.

पुण्याहवाचनाच्या वेळी उदबत्त्यांचा धूर होता. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुराच्या कणांवर आपटून थेट लेन्समध्ये येतो, त्यामुळे त्या सगळ्या फोटोंवर पांढरट पडदा चढला. गुरुजींचा चेहरा त्या पडद्यामागे.

यातला एकही दोष उजेड कमी असल्यामुळे आलेला नाही. सगळे दोष उजेड कुठून आला यामुळे आहेत. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. हॉलमध्ये शिरल्यावर फोटोग्राफर आधी विचारतो, उजेड पुरतो का? पुरत नसेल तर फ्लॅश. मला वाटतं विचारायचं असतं ते असं: आहे तो उजेड चेहऱ्यावर कुठून पडतोय, आणि मला तो कुठून हवाय? ट्यूबलाइट डोक्यावरून येऊन डोळ्यांचे खळगे काळे करत असतील तर भरपूर उजेडातही फ्लॅश लागतो. आणि होमाचा जाळ खालून चेहरा उजळत असेल तर अंधारातही लागत नाही.

ती अकरा मिनिटं

10 वाजून 41 मिनिटांनी व्हिडिओवाला फोटोग्राफरला बाजूला घेऊन गेला. "दादा, तुमचा प्रत्येक फोटो माझ्या व्हिडिओत छापला जातोय. बघा हे." त्याने मॉनिटरवर गौरीहराचा तुकडा एकेक फ्रेम पुढे करत दाखवला. दर दोन-चार सेकंदांनी एका फ्रेमचा खालचा अर्धा भाग पांढरा, लगेच पुढच्या फ्रेमचा वरचा अर्धा भाग पांढरा.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. फ्लॅश चमकतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी. तेवढ्या क्षणी वरच्या ओळींनी पुढच्या फ्रेमचं काम सुरू केलेलं असतं आणि खालच्या ओळी अजून आधीच्या फ्रेममध्येच असतात. म्हणून एकच फ्लॅश दोन फ्रेममध्ये वाटला जातो, पट्टा होऊन. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत डोळ्याला तो झटका कळतोच. दोन-चारदा आला तर लग्नाचं वातावरण म्हणून खपतो. दर दोन सेकंदांनी आला तर बघणारा टीव्ही बंद करतो.

त्याच वेळी आणखी एक तक्रार आली. मुलीच्या आजी पहिल्या रांगेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेले, डोळ्याला काळा चष्मा. साध्या फ्लॅशने डोळ्याला इजा होत नाही, पण ऑपरेशननंतर काही आठवडे उजेड सहन होत नाही, हे खरं. आजींनी नातवाला सांगितलं, "अरे, त्या पोराला म्हणावं, माझ्या डोळ्यावर विजा पाडू नकोस." गुरुजींनीही संधी साधली. मंगलाष्टकं चालू असताना समोर येऊन दिवे मारायचे नाहीत, हे त्यांनी एकदाचं बजावलं.

इथे थोडं विषयांतर करते. 1887 साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर बनवली. ती पेटवली की एक भपका, एक फोटो आणि खोलीभर धूर. दुसरा फोटो धूर जाईपर्यंत नाही. 1930 च्या आसपास काचेचे फ्लॅश बल्ब आले. धूर गेला, पण बल्ब एकदाच चालायचा, मग काढून टाकायचा आणि गरम असायचा. स्पीड ग्राफिकसारखे जाडजूड कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्या, होमाई व्यारावाला यांच्या काळातल्या वृत्तछायाचित्रकारांना प्रत्येक फ्लॅशचे पैसे मोजावे लागायचे आणि खिशात उरलेले बल्बही. किती वेळा फ्लॅश मारायचा हे खिसाच ठरवायचा. आजच्या लिथियम बॅटरीवर पूर्ण ताकदीचे चारशेच्या वर फ्लॅश निघतात, कमी ताकदीचे तर हजारोंनी. पैशांचा लगाम सुटला, त्याच्या जागी दुसरा कुठलाच आला नाही. एरवी आपल्याला हे कळतं. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती आपण पाळतो. नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतर कोणी फ्लॅश मारला तर अख्खं प्रेक्षागृह त्याच्याकडे वळून बघतं. लग्नात मात्र ज्यांचं लग्न आहे तेच गप्प बसतात, कारण त्यांनीच पैसे दिलेले असतात.

तर, त्या अकरा मिनिटांत तिघांत एक तह झाला: फोटोग्राफर, व्हिडिओवाला आणि मुलीचा मामा. मामाचा आवाज मोठा, म्हणून मध्यस्थी त्याच्याकडे. संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी गाडीत ठेवलेले दोन फ्लॅश, स्टँड आणि ते दुरून उडवणारा ट्रिगर मदतनिसाने वर आणले. एक फ्लॅश हॉलच्या डाव्या कडेला उंच स्टँडवर, तोंड स्टेजसमोरच्या पांढऱ्या सीलिंगकडे. दुसरा उजवीकडे छत्रीत, त्याहून कमी ताकदीचा. स्टेजवर चढून वर फ्लॅश मारायचा मोह टाळला, हे महत्त्वाचं. तिथून उडालेला उजेड मरून झालरीवर आपटला असता आणि सगळ्यांचे चेहरे बीट खाल्ल्यासारखे आले असते. दोन्ही फ्लॅशवर अर्धी नारिंगी जेल, म्हणजे फिकट नारिंगी पारदर्शक पट्टी, चिकटवली, म्हणजे फ्लॅशचा साधारण 5500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड स्टेजच्या पिवळ्या स्पॉटच्या बराच जवळ आला. व्हिडिओवाल्याने बदल्यात आपला एलईडी पॅनल नवरीच्या तोंडासमोरून काढून बाजूला नेला.

कॅमेऱ्याचं नवं सेटिंग: आयएसओ 3200, एफ 4, शटर 1/100. मूळ उजेड फक्त पाऊण स्टॉपने कमी, म्हणजे हॉल दिसतोय, कमान दिसतेय, समयांच्या वाती पेटलेल्या दिसतायत. फ्लॅशने फक्त चेहऱ्याची एक बाजू उचलायची. आयएसओचे तीन आणि ॲपर्चरचा एक असे चार स्टॉप मिळाले, म्हणजे तेवढ्याच अंतरावरून तेवढाच चेहरा उजळायला फ्लॅशची सोळा पट कमी ताकद पुरते. सीलिंगवरून उडवण्यात त्यातली काही परत जाते, तरी फायदा मोठाच.

याचा फायदा फोटोपुरता नव्हता. व्हिडिओतला पट्टा पांढराफटक होता, कारण हॉलच्या उजेडापुढे फ्लॅश प्रचंड जोरदार होता. फ्लॅश हॉलच्या उजेडाच्या बरोबरीला आला की पट्टा येतोच, पण फिकट येतो, आणि चालत्या चित्रात बऱ्याचदा नजरेतून सुटतो. आजींनाही वीज पडल्यासारखं वाटेनासं झालं, कारण उजेड सीलिंगवरून येत होता. ताकद कमी केली आणि दिशा बदलली, एवढ्यानेच निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं मिटलं ते कुठे फ्लॅश अजिबात नाही, हे ठरवून.

शटर 1/100 का? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मिचमिचतात. शटर 1/100 ठेवलं की एक पूर्ण मिचमिच आत येते आणि फोटोत काळे पट्टे पडत नाहीत. सकाळच्या 1/200 वर हा प्रश्न आला नाही, कारण तिथे हॉलचा उजेड फोटोत नव्हताच.

सावधान

मामा नवरीला स्टेजवर घेऊन आला तेव्हा फ्लॅश नाही. मंगलाष्टकं चालू असताना नाही. दोन्हीकडच्या काकू-आत्या आपापली मंगलाष्टकं म्हणतात, त्यांच्या हातात कागद असतो, आवाज कापत असतो, आणि डोळ्यावर फ्लॅश आला की ओळ चुकते. प्रत्येक कडव्याअखेर "शुभमंगल सावधान" होतं आणि अक्षता पडतात, म्हणजे अक्षतांचा फोटो घ्यायची संधी एकदाच येते असं नाही. त्याने दोन कडव्यांना फ्लॅश मारला आणि बाकीच्यांना कॅमेरा नुसता हॉलच्या उजेडावर ठेवला.

अक्षतांना फ्लॅश का, हे फाइलींतून स्वच्छ दिसतं. 1/100 सेकंदात वेगाने पडणारा तांदळाचा दाणा तीन-चार सेंटीमीटर सरकतो, नुसत्या उजेडात त्याची पुसट रेघ येते. कमी ताकदीचा फ्लॅश सेकंदाच्या कित्येक हजाराव्या हिश्शात चमकून जातो, त्यात दाणा थिजतो. दोन्ही एकत्र आले की दाणा टोकदार आणि मागे बारीकशी शेपटी. त्यासाठी फ्लॅश शटर बंद होताना उडावा लागतो. नेहमीप्रमाणे शटर उघडतानाच उडाला तर शेपटी दाण्याच्या पुढे येते आणि अक्षता खालून वर चालल्यासारख्या दिसतात. मेनूतला हा एक पर्याय बरेच फोटोग्राफर वर्षानुवर्षं उघडून बघत नाहीत.

अंतरपाटाचं प्रकरण निराळं. मदतनिसाचा कॅमेरा अजून ऑटोवर, म्हणजे टीटीएलवर होता, आणि त्याच्या फाइली बघून मला हे पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं. पांढराशुभ्र अंतरपाट चौकटीच्या मध्यभागी. टीटीएल आधी एक छोटा फ्लॅश टाकून किती उजेड परत येतो ते मोजतं. पांढऱ्या कापडावरून भरपूर परत आला, म्हणून त्याने खऱ्या फ्लॅशची ताकद आखडती घेतली. परिणामी अंतरपाट करडा आणि दोन्ही चेहरे अंधारे. अंतरपाट खाली गेला त्या क्षणी फ्लॅश एकदम वाढला. लागोपाठच्या दोन फोटोंत नवऱ्याचा चेहरा दोन रंगांचा. मुख्य फोटोग्राफरने ताकद हाताने बांधून ठेवली होती, त्याच्या फोटोंत अंतरपाट पांढरा, चेहरे दोन्हीकडे सारखे. उलट अंतरपाट वर असताना त्याच्यावरून उडालेला उजेड नवरीच्या हनुवटीखाली हलका पसरलाय, जो एरवी रिफ्लेक्टर धरून मिळवावा लागतो. जिथे चौकटीत पांढरं काही येतं-जातं, तिथे ऑटो फ्लॅशवर विसंबू नये.

हार घालताना आणि मंगळसूत्राच्या वेळी फ्लॅश होता, मोजका. मंगळसूत्राला गर्दी एवढी जवळ येते की वरचे स्पॉट सगळ्यांच्या डोक्यांनी अडतात आणि नवरीच्या गळ्यावर सावल्यांचा गोंधळ होतो. तिथे फ्लॅश नसता तर काळे मणी आणि सावली यांतला फरकच कळला नसता.

लाजाहोम

सगळ्या दिवसातला सर्वांत धाडसाचा निर्णय इथला. फ्लॅश पूर्ण बंद, आणि वर डेकोरेटरला सांगून स्टेजचे दोन स्पॉटही मालवले. आयएसओ 5000, एफ 2, शटर 1/100. फोटोग्राफर मला नंतर म्हणाला, "ताई, हात थरथरत होते. हे बिघडलं असतं तर परत होम पेटवता येणार नव्हता."

थोडं बिघडलंच. या भागातल्या बऱ्याच फोटोंत काही ना काही हललेलं आहे. भाऊ नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो हात पुसट, कुठे तुपाची पळी पुसट, एफ 2 वर एकाचा चेहरा फोकसमध्ये तर दुसऱ्याचा बाहेर. फ्लॅश मारला असता तर हे सगळं काटेकोर आलं असतं. पण जाळ दिसला नसता. होमाचा उजेड खालून येतो, मेणबत्तीसारखा गडद नारिंगी, दर क्षणाला कमी-जास्त होणारा. नवरीच्या नथीच्या मोत्यावर तो खालच्या बाजूने चमकतो, जी बाजू एरवी कायम सावलीत असते. धूर मागच्या उरलेल्या स्पॉटमुळे कडेने उजळलाय, पुण्याहवाचनासारखा लेन्ससमोर पडदा झालेला नाही. धूर तोच, उजेडाची बाजू तेवढी बदललेली. यातले फोटो निवडताना मला वेळ लागला, कारण बाद करायचे पुष्कळ होते. अल्बमची दोन पानं मात्र हवेपेक्षा लवकर भरली.

सप्तपदीलाही फ्लॅश नव्हता. तिथे तो असता तरी चाललं असतं असं माझं मत आहे. सातही पावलांना खाली बघणारे चेहरे वरच्या उजेडात काळे आलेत, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. सीलिंगवरून थोडा उजेड भरायला हवा होता. व्हिडिओवाल्याशी केलेला तह शब्दशः पाळण्याच्या नादात हे राहिलं.

आहेर आणि ग्रुप फोटो

इथे उलटा नियम: प्रत्येक फोटोला फ्लॅश, अपवाद नाही. व्हिडिओवाला जेवायला गेलेला असतो, विधी संपलेले असतात, माणसं स्वतःहून उभी राहिलेली असतात आणि तीन रांगा फोकसमध्ये ठेवायला एफ 5.6 किंवा एफ 8 लागतो. शिवाय ग्रुप फोटो कलेसाठी काढत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणीतरी बोट ठेवून "ही कोण?" विचारणार असतं, त्यासाठी काढतात.

सुरुवातीच्या काही ग्रुपमध्ये पुढे बसलेली मुलं गोरीपान आणि मागचे काका सावळे आले. फ्लॅश पहिल्या रांगेपासून तीन मीटरवर होता, मागची रांग साडेचार मीटरवर. दीडपट अंतर, म्हणजे मागे निम्म्याहूनही कमी उजेड. मदतनिसाने स्टँड सहा मीटरवर नेला तेव्हा मागची रांग साडेसात मीटरवर आली, फरक अर्ध्यावर उतरला. ताकद वाढवावी लागली, पण इथे ती वाढवायला कोणाची हरकत नव्हती. स्टँड उंच केल्यावर चष्म्यांतली चमकही गेली, कारण उजेड आता काचेवरून खाली जात होता, लेन्सकडे येत नव्हता. एका आजोबांचा चष्मा मात्र हट्टी निघाला. त्यांना मान किंचित खाली करा म्हटलं, तर ते म्हणाले, "आयुष्यभर नाही केली, आता करतो होय!" तो फोटो चमकीसकट अल्बममध्ये आहे.

संध्याकाळ

रिसेप्शन माटुंग्याच्या एका मैदानावर. उघडं आकाश, म्हणजे उजेड उडवायला सीलिंग नाही, आणि मागे भलीमोठी एलईडी वॉल. फ्लॅश दोन्ही बाजूंना छत्र्यांत लावले, पण आत वळवून, म्हणजे उजेड वॉलवर पडणार नाही. वॉलवर पडला की तिच्यावरचं चित्र विटलेलं दिसतं. पाहुण्यांची रांग दोन तास चालली, प्रत्येक कुटुंबाचे दोन-तीन फोटो, कारण कोणीतरी डोळे मिटतंच. पूर्ण ताकदीवर इतके फ्लॅश मारले तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो, आणि तो थांबतो नेमका मुलाच्या ऑफिसचे साहेब स्टेजवर आल्यावर. इथे आयएसओ 1600 आणि ताकद कमी, त्यामुळे रांग संपेपर्यंत एकदाही अडलं नाही. बाकी रिसेप्शनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रिसेप्शनचे फोटो सगळीकडे सारखेच असतात.

हिशोब

सकाळच्या फोटोंचं काय केलं? गौरीहरातले थोडे मी कृष्णधवल केले. रंग गेला की पांढरी जर आणि पिवळट गाल एवढे टोचत नाहीत. मुलीच्या आईने ते परत पाठवले. "अष्टपुत्री पिवळी असते, करडी नसते." बरोबर आहे त्यांचं. शेवटी रंगीत ठेवले, पानावर लहान केले, आणि मोठी जागा हाताच्या, तांदळाच्या राशीच्या फोटोंना दिली, जिथे चेहरा नाही.

भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी त्यांनी निवडला तो फोटो सरळ फ्लॅशचा आहे, सकाळचा, काळ्या पार्श्वभूमीचा. नवरी तिच्या आजोबांना नमस्कार करतेय. मी दोनदा दुसरा सुचवून बघितला, त्यांनी ऐकलं नाही. त्यात आजोबांचा चेहरा सगळ्यांत स्पष्ट दिसतो, म्हणे. दिसतो खरा.

व्हिडिओवाल्याने पट्टे पडलेल्या फ्रेम एकेक करून काढल्या आणि शेजारच्या फ्रेमने जागा भरली. स्थिर चित्रात ते खपून गेलं. जिथे गुरुजींचा हात हलत होता तिथे बारीक धक्का बसतो, आणि गौरीहराच्या दोन ठिकाणी फ्लॅश इतके लागोपाठ होते की शेजारची फ्रेमही पट्ट्याचीच निघाली. ते तुकडे त्याने तसेच ठेवले आणि मुलाकडच्यांना आधी सांगून ठेवले. पुढच्या लग्नाला तो आणि हा फोटोग्राफर पुन्हा एकत्र आहेत. यावेळी दोघांनी आदल्या आठवड्यातच हॉल जाऊन बघितला, सीलिंगचा रंग आणि डेकोरेटरच्या झालरीसकट.